विशेष शाळेतली जागा सहाव्या वर्षीच धरावी, की आधी शेजारची शाळा?

पालवी:
बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या पालकांना हमखास सल्ला मिळतो: "आधी साध्या शाळेत घालून बघा, नाही जमलं तर विशेष शाळा आहेच." मुलाची अक्षमता मध्यम किंवा तीव्र असेल तर हा सल्ला घातक आहे, असं माझं मत.

विशेष शाळा "आहेच" अशी नसते. अनुदानित शाळेचा मान्य पट (मंजूर मुलांची संख्या) ठरलेला असतो आणि जागा बहुतेक वेळा सुटते ती एखादं मूल अठराचं होऊन बाहेर पडल्यावर. सहा वर्षांचं मूल पूर्वप्राथमिक गटात बसतं. तेच दहाव्या वर्षी आलं, शौचाची सवय नाही, स्वतः जेवता येत नाही, तर वयाने मोठ्यांच्या गटात घालता येत नाही आणि लहानांत शोभत नाही. मग उत्तर मिळतं, "पुढच्या वर्षी बघू."

जूनचा प्रवेश हवा असेल तर आदल्या दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज करण्याआधी आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरशः एकच आहे ना, ते पाहा. स्पेलिंगमधल्या फरकाने अर्ज अडकतात. मानसशास्त्रज्ञाची चाचणी एका दिवशी, प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय बोर्ड दुसऱ्या दिवशी, असं बऱ्याच सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चालतं. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. मार्चमध्ये अर्ज करणाऱ्याचा जून गेलाच म्हणून समजा.

समावेशक:
तारखांचं सगळं मान्य, निष्कर्ष नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ३१ नीट वाचा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि निवड त्याची आहे. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांतही ही मुलं वंचित गटात येतात, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

विशेष शाळेत इयत्ता नसतात. पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्वव्यावसायिक असे गट असतात. एकदा तिकडे गेलेलं मूल परत आणायचं तर कोणत्या वर्गात बसवायचं यावर मुख्याध्यापक हात वर करतात. कायद्याने वयानुरूप वर्ग द्यायला हवा, पण त्यासाठी भांडावं लागतं. म्हणजे तुम्ही "जागा धरा" म्हणता तेव्हा दुसरं दार जवळपास बंद करायला सांगता. सहा वर्षांच्या मुलाबद्दल इतका मोठा निर्णय एका चाचणीवर?

बरोबरीच्या मुलांकडून मूल भाषा उचलतं, वाट पाहणं, आळीपाळीने खेळणं शिकतं. बोलता न येणाऱ्या आठ मुलांच्या वर्गात ते कुणाकडून शिकणार?

सिव्हिलची खिडकी:
दोघंही टक्केवारी गृहीत धरून बोलताय, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेसाठी व्हीएसएमएसवरचा (मूल रोजचे व्यवहार किती करू शकतं ते मोजणाऱ्या चाचणीवरचा) सामाजिक गुणांक ५५ ते ६९ असेल तर ५० टक्के दिव्यांगत्व, ३६ ते ५४ ला ७५, २१ ते ३५ ला ९० धरतात. ७० ते ८४ या काठावरच्या मुलांना मिळतात २५ टक्के. त्यांना कलम ३१ ही नाही आणि आरटीईचा दिव्यांग गटही नाही. त्यांच्यासाठी शेजारची शाळा हाच मार्ग, वाद घालण्यात अर्थ नाही.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी मोजपट्टी वेगळी: आयएसएए ही स्वमग्नता मोजणारी भारतीय चाचणी. तिथे ७० गुणांपासून ४० टक्के सुरू होतात. बुद्ध्यांक चांगला आहे म्हणून कुणी मुलाला परत पाठवत असेल तर "आयएसएए झाली का?" हे विचारा. फक्त बुद्ध्यांक काढून स्वमग्नतेचं प्रमाणपत्र नाकारणं चुकीचं आहे.

अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन, गणितातल्या अडचणींचं) प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी मिळत नाही, पुढे १४ आणि १८ ला पुन्हा तपासणी. या मुलांना बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत घालू नये, एवढं दोघांनाही पटावं.

बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र ५, १० आणि १८ व्या वर्षी नव्याने घ्यावं लागतं. पाचव्या वर्षाआधीचं जुनं प्रमाणपत्र घेऊन सहाव्या वर्षी प्रवेशाला गेलात, तर परत पाठवतील.

पालवी:
समावेशक, शेजारच्या शाळेत मूल "बसतं" आणि "शिकतं" यात अंतर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण जाहीर केलं. प्रत्यक्षात एकाच फिरत्या शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतली तरतूद मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये, त्यात महिनाभराची स्पीच थेरपीही होत नाही. ४० मुलांच्या वर्गात गुणांक ४० चं मूल मागच्या बाकावर रंगकाम करत राहतं आणि चौथीनंतर शाळाच म्हणते, "शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा."

समावेशक:
तो दाखला घ्यायचाच नाही! आरटीईच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण (आठवीपर्यंतचं) पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून शाळा पालकांकडूनच "स्वखुशीने दाखला मागत आहे" असा अर्ज लिहून घेतात. त्यावर सही केली की तुमची बाजू संपली. जे सांगायचं ते शाळेने लेखी द्यावं असा आग्रह धरा. विशेष शाळेत जायचंच असेल, तर तिथलं प्रवेशपत्र हातात आल्यावरच दाखला मागा. दोन्हींच्या मध्ये लोंबकळलेली मुलं घरीच राहतात.

थेरपीसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना वापरा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांना वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

पण तुमचा गुणांक ४० चा मुद्दा मी उडवून लावत नाही. आधार नसलेल्या वर्गात ते मूल एकटं पडतं. माझं म्हणणं एवढंच की पहिली दोन वर्षं लेखी वैयक्तिक आराखडा मागून, दर तीन महिन्यांनी तपासून बघा.

पालवी:
सौम्य गटासाठी हे चालेल. तीव्र गटासाठी ती दोन वर्षं मी देणार नाही. शौच, जेवण, कपडे हे सहा ते आठ या वयात शिकवणं सोपं जातं, आणि ते साध्या शाळेत कुणीच शिकवत नाही.

डोंगरवाडी:
तुमचा वाद जिथे दोन्ही शाळा आहेत तिथला. तालुक्यात विशेष शाळाच नसेल तर उरतं काय? निवासी शाळा किंवा घरी येणारा शिक्षक. सहा वर्षांच्या, बोलता न येणाऱ्या मुलाला वसतिगृहात ठेवायला माझा विरोध आहे, कारण त्याला काय झालं ते ते सांगू शकत नाही. ठेवायचंच असेल तर रात्री किती काळजीवाहक असतात, फिट्सचं औषध कोण देतं आणि त्याची नोंद कुठे होते, हे नोंदवही उघडून पाहा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

सिव्हिलची खिडकी:
आणि "शाळा" अशी पाटी लावलेली प्रत्येक जागा शाळा नसते. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ५० नुसार नोंदणी प्रमाणपत्र लागतं, ते मागा. शिक्षकांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा (विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा) नोंदणी क्रमांक विचारा. नुसतं थेरपी केंद्र असेल तर तिथून शाळेचा दाखला मिळणार नाही.

नोंदणीकृत अनुदानित शाळेने "जागा नाही" म्हटलं तर तारखेसह लेखी नकार घ्या. देत नसतील तर अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवून पोच ठेवा. मग १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज: मान्य पट किती, आजचा हजेरीपट किती, प्रतीक्षायादी कोणत्या क्रमाने चालते. उत्तराची मुदत ३० दिवस. पटात जागा दिसली की जिल्ह्याच्या दिव्यांग कार्यालयात तक्रार, तिथे हललं नाही तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. त्याच अधिनियमाच्या कलम ८२ ने त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीला नकाराची प्रत जोडलेली नसेल, तर शाळा "पालक आलेच नव्हते" असं सांगून सुटते.