तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते, खर्ज हेलकावतो. काय करू?

काळी_चार

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गाणं शिकवते. माझी एक शिष्या लग्नानंतर डब्लिनला गेली. रियाजासाठी तिला खऱ्या तानपुऱ्याचं १० मिनिटांचं रेकॉर्डिंग हवं आहे. मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर तिचा सूर बसत नाही, आणि मला तिचं म्हणणं पटतं. म्हणून दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि एक कंडेन्सर माइक घेतला. पहिल्या चॅनेलला माइक आहे. दुसऱ्याला इलेक्ट्रॉनिक तबला, म्हणजे तीनतालाचा ठेका सोबत देता येईल.

पहिल्या दिवसाची फाइल ऐकली तर तानपुरा चढलेला! मी पेटीच्या काळी चारला मिळवला होता, फाइलमध्ये तो पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधेच कुठेतरी बोलतो. दुसऱ्या दिवशी पट्टी बरोबर आली, पण खाली सतत घरघर, आणि खर्जाची (खालच्या षड्जाची) तार हेलकावते. खोलीत बसून ऐकलं तर खर्ज अगदी स्थिर आहे. सूर बारीक मिळवायचा तारेवरचा मणी तीन वेळा सरकवून पाहिला. रेकॉर्डिंगमध्ये मात्र खर्ज सेकंदाला चारेक वेळा डुलतो. शिवाय मधूनच कडकड असे तडे येतात.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा यायचा, तेव्हा विद्यार्थ्यांपैकी एकाने बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) ६४ वर आणून दिला. उशीर कमी झाला. तडे त्यानंतरच सुरू झाले असं वाटतं, पण खात्री नाही. पुढच्या आठवड्यात तिला फाइल पाठवायचा शब्द दिला आहे.

तिसरा_मजला

घरघर म्हणजे अर्थिंगचा घोळ. लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी जाड पिन काढून टाका, किंवा टू-पिनचा कन्व्हर्टर लावा. माझी घरघर तशीच गेली.

कीर्तनसाउंड

ताई, पिन काढू नका. हात जोडून सांगतो. घरघर जाईलही, पण चार्जर आतून बिघडला तर करंट इंटरफेसच्या पत्र्यावर आणि माइकच्या जाळीवर येतो, आणि गाणाऱ्याचे ओठ त्या जाळीपाशी असतात. मी १८ वर्षं कीर्तनाला आणि भजनाला साउंड लावतो. मंडपात झटका बसलेली माणसं पाहिली आहेत. अर्थ तोडून आवाज स्वच्छ करायचा नसतो.

आता तुमचा खर्ज. काळी चारचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, म्हणजे खर्ज १०४ च्या आसपास. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर ५०, १००, १५० अशी चढत जाते. १०० आणि १०४ एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे पडणारच. तुम्ही कानाने मोजलेत ते तंतोतंत बरोबर आहे. तारेचा दोष नाही, मण्याला आता हात लावू नका.

ही घरघर माइकमधून येते असं मला वाटत नाही. दुसरा चॅनेल म्यूट करून फाइल ऐका. गेली, तर ती तबल्याच्या वायरीतून येते. तबल्याचा अ‍ॅडॅप्टर वेगळा, लॅपटॉपचा चार्जर वेगळा, आणि मधे मोनो पी-३८ (जाड जॅक पिन) ची वायर. त्या वायरीत बाहेरची धातूची जाळी हीच सिग्नलची परतीची वाट, म्हणून दोन अ‍ॅडॅप्टरमधली गळती थेट आवाजात मिसळते. माइकची एक्सएलआर (तीन पिनांची) वायर बॅलन्स्ड असते, म्हणजे तिच्यात जाळी सोडून सिग्नलच्या दोन तारा असतात, तिला हा त्रास फार कमी. आज रात्रीपुरता उपाय म्हणजे चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. कायमचा हवा तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी) घ्या आणि तबला त्यातून माइकच्या इनपुटला द्या. त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते फक्त सिग्नलच्या वायरीची जाळी सोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही.

आणखी एक, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तीनवर असेल तर तोही करकरतो. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंदच ठेवा.

रात्रपाळी

चढलेल्या पट्टीचं कोडं तुमच्याच वाक्यात सुटतं. इंटरफेसचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४४.१ किलोहर्ट्झ राहिला आणि फाइलवर शिक्का ४८ चा पडला, तर फाइल वेगाने वाजते आणि आवाज पेटीवरचं जवळपास दीड घर चढतो. काळी चारपासून दीड घर वर म्हणजे पांढरी सहा आणि काळी पाचच्या बरोबर मधे. फाइलची लांबी बघा. १० मिनिटं वाजवलं असेल तर ती ९ मिनिटं ११ सेकंदांची असेल.

ती फाइल टाकून देऊ नका. ऑडॅसिटीत उघडा, ट्रॅकच्या नावावर क्लिक करून रेट ४४१०० करा, तानपुरा जागेवर येईल. पुढच्या वेळी इंटरफेसच्या पॅनेलमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच आकडा ठेवा. ब्राउझरमध्ये गाणं चालू ठेवून रेकॉर्ड करू नका, कधीकधी तेच रेट बदलून टाकतं.

तडे बफरचेच. ६४ सॅम्पल म्हणजे जेमतेम दीड मिलिसेकंद, तेवढ्यात लॅपटॉपची धावपळ होते. ५१२ करा. उशिराची चिंता नको, कारण इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर आवाज लॅपटॉपकडे न जाता सरळ हेडफोनला येतो. मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. यूएसबी हब मधे असेल तर काढा, आणि वाय-फाय बंद ठेवून एकदा पाहा.

काळी_चार

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल ९ मिनिटं ११ सेकंदांचीच निघाली! रेट बदलला आणि तानपुरा काळी चारला येऊन बसला. दुसरा चॅनेल म्यूट केल्यावर घरघर गेली आणि खर्ज शांत झाला. काल रात्री बॅटरीवर, बफर ५१२ ठेवून, पंखा बंद करून पुन्हा रेकॉर्ड केलं. एकही तडा नाही. डीआय बॉक्स मागवला आहे.

कीर्तनसाउंड, तुमचं वाचून वायरमनला बोलावलं. आमचं घर जुनं आहे. गाण्याच्या खोलीतल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. त्या खोलीत रोज संध्याकाळी सात-आठ मुलं बसतात. आता जोडून घेतली.

घरघर गेल्यावर एक नवीन गोष्ट ऐकू आली. जोडाच्या दुसऱ्या तारेची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घडण) उतरली आहे, तिचा नाद लवकर मिटतो. इतके दिवस ते घरघरीखाली झाकलेलं होतं. रविवारी तानपुरा मिरजेला सतारमेकर गल्लीत नेते. जवारी लागली की मगच डब्लिनला फाइल पाठवेन.

कीर्तनसाउंड

नेताना भोपळ्याखाली उशी ठेवा, अंकलीच्या बाजूने न जाता सरळ मोठ्या रस्त्याने जा. फाइल झाली की आम्हालाही ऐकवा.