शब्दचर्चा : ‘जायंट्स सोडलेला’ की ‘जायंट्सने सोडलेला’?

जर्सीकर
भांडण खेळाचं आहे, पण अडलंय एका ‘ने’वर, म्हणून इथे आणलंय.

आम्ही न्यू जर्सीतली दहा-बारा मराठी घरं, सगळी न्यूयॉर्क जायंट्सवाली. (नावात न्यूयॉर्क असलं तरी मैदान आमच्या जर्सीतच, ईस्ट रदरफर्डला.) इथला फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून पळण्याचा खेळ. आमच्याकडे सेक्वॉन बार्कली नावाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, होता. 2018 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे, त्यात) दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला, पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरलेला. 2020 मध्ये गुडघा गेला, पुन्हा उभा राहिला, 2022 मध्ये 1,312 यार्ड धावला. मार्च 2024 मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांकडे गेला. करार तीन वर्षांचा, 3 कोटी 77 लाख 50 हजार डॉलरचा. तिथे पहिल्याच मोसमात 2,005 यार्ड, वर सुपर बोल, म्हणजे या खेळाचं अजिंक्यपद. त्या मोसमात आमचे 17 पैकी 3 विजय.

मी गटात लिहिलं, ‘जायंट्स सोडलेला बार्कली कुठे पोचला बघा.’ लगेच एकाने दुरुस्ती केली, ‘जायंट्सने सोडलेला म्हण.’ तेव्हापासून गटात दोन तट आहेत. तर प्रश्न दोन. बरोबर कोणतं? आणि आपला माणूस दुसरीकडे चमकताना बघून पोटात जे होतं, त्याला नेमका शब्द कोणता?

कोशातला_किडा
दोन्ही शुद्ध. ‘सोडणे’ हे क्रियापदच दुतोंडी आहे. ‘घर सोडलं’ म्हणताना सोडणारा निघून जातो, ‘गाय सोडली’ म्हणताना सोडणारा जागेवर राहतो. म्हणून ‘गाव सोडलेला माणूस’ आणि ‘गावाने सोडलेला माणूस’ ही दोन वेगळी माणसं. ‘सोडलेला’ पहिल्या रचनेत कर्त्याला चिकटलंय, दुसऱ्या रचनेत कर्माला. तुमच्या मित्राने व्याकरण सुधारलेलं नाही, आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस बदललाय.

लिबर्टीबेल
फिलाडेल्फियाहून सांगतो. आमच्याकडे याला एकच क्रियापद आहे. सुटला.

जर्सीकर
आलात का मीठ घेऊन. या.

वाचनमात्र
एरवी नुसता वाचतो, आज राहवत नाही. ‘ने’वाल्यांचं बरोबर आहे. मार्च 2023 मध्ये एकाच दिवशी काय घडलं आठवा. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) डॅनियल जोन्सला चार वर्षांचा 16 कोटी डॉलरचा करार आणि बार्कलीला फ्रँचायझी टॅग, म्हणजे एका वर्षाची दावण. पुढच्या वर्षी ती दावणही बांधली नाही. मोकळा सोडला. आणि 16 कोटींचा जोन्स? त्याला नोव्हेंबर 2024 मध्ये मोसम चालू असतानाच निरोप दिला. दोघांना सोडलं, पण एकाला सोडल्यावर हायसं वाटलं आणि दुसऱ्याला सोडल्यावर झोप गेली.

झोप शब्दशः. 2024 च्या उन्हाळ्यात जायंट्सच्या कचेरीत चित्रित झालेली एक मालिका टीव्हीवर आली. त्यात सहमालक जॉन मारा आपल्या जनरल मॅनेजरला, जो शेनला, सांगताना दिसतात की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे. गेला.

कोशातला_किडा
मग ‘सोडला’ही मवाळ होतं. ‘घालवला’ म्हणा. अर्थाने ते ‘जाणे’चं प्रयोजक, पण त्यात दोष मुरलेला आहे. पैसा घालवला, वेळ घालवला, अब्रू घालवली. ‘गमावणे’त तो असेलच असं नाही. ‘त्याने लहानपणीच वडील गमावले’ म्हणतो, ‘वडील घालवले’ म्हटलं तर पोलीस येतील. ‘सोडला’, ‘जाऊ दिला’, ‘गमावला’, ‘घालवला’ अशी आरोपाची चढती भाजणी आहे.

दुसरा_जायंट
मी ‘जाऊ दिला’वर थांबणारा. रनिंग बॅक हा फार लवकर झिजणारा प्राणी आहे. तेव्हा तो 27 वर्षांचा, गुडघ्यावर एकदा शस्त्रक्रिया झालेली, आणि आमची पुढची फळी चाळणीसारखी. त्याला तेवढे पैसे देऊन ठेवला असता तरी आमच्याकडे 2,005 झाले नसते. ईगल्सकडे जॉर्डन मायलाटा, लेन जॉन्सन असले पहाड दोन्ही टोकांना उभे. त्यांनी भगदाड पाडायचं, याने त्यातून जायचं.

कबड्डीप्रेमी
विषयांतर: ‘रनिंग बॅक’ला ‘चढाईपटू’ का म्हणू नये? समोरच्यांच्या गराड्यात घुसायचं, पकडीतून निसटायचं.

कोशातला_किडा
मोह होतो खरा. पण चढाईपटू एकटा जातो, आणि जीव वाचवून परत येण्यात त्याची शर्थ असते. रनिंग बॅकला परत यायचं नसतं आणि तो एकटाही नसतो. पुढे पाच धिप्पाड गडी वाट मोकळी करत असतात. रनिंग बॅकच राहू द्या, विकेटकीपरचं आपण काय केलं?

मात्र दुसरा_जायंट यांच्या मुद्द्याला मराठीत तयार जोडी आहे: ‘वाट काढणे’ आणि ‘वाट मिळणे’. जायंट्सकडे तो वाट काढत होता. ईगल्सकडे त्याला वाट मिळाली.

लिबर्टीबेल
थांबा, एवढ्यावर सुटका नाही. 3 नोव्हेंबर 2024, जॅक्सनव्हिलविरुद्ध. एकाला गिरकी घेऊन चुकवलं आणि त्याच ओघात पुढच्याच्या डोक्यावरून पाठमोरी उडी मारली. पाठमोरी! समोर कोण आहे ते न बघता. ही वाट कोणत्या पहाडाने करून दिली होती? वाट सगळ्यांनाच मिळते हो. मिळालेल्या वाटेवर 60 यार्ड पळणारा एखादाच.

दुसरा_जायंट
उडी कबूल. ती मीही दहा वेळा पाहिली, बायकोपासून लपून.

चिपळूणकरीण
मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ‘यार्ड’ बघून आले. आपल्याकडे यार्डाला ‘वार’ आहे की! नऊवारी त्याच मापाची. तुमच्या गड्याच्या 2,005 वारांत 222 नऊवारी होतात आणि वर सात वार उरतात. एवढं कापड एकट्या माणसाने एका मोसमात फाडलं हे ऐकून आदर वाटला.

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल, त्याचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही. एक शब्द मागू नका. हळहळ, चुटपुट, रुखरुख, चरफड, जळफळाट या सगळ्या सख्ख्या बहिणी, पण नांदतात वेगवेगळ्या घरी. हळहळ दुसऱ्यासाठीही वाटते आणि चारचौघांत बोलून दाखवता येते. चुटपुट बारीकशा हुकण्याची, बस चुकल्यासारखी. चरफडीत राग असतो पण करता काहीच येत नाही. जळफळाटाला समोर कोणाचं तरी बरं झालेलं लागतं. रुखरुख मात्र आपल्याच हातून काहीतरी राहिल्याची. ती बोलून दाखवत नाहीत, ती लागून राहते. ते झोप न लागणारे मालक आहेत ना, त्यांना रुखरुख.

जर्सीकर
ताई, तुम्ही आमचा अख्खा मोसम सांगितलात. 20 ऑक्टोबर 2024 ला तो पहिल्यांदा आमच्या मैदानावर परत आला. आम्ही हुर्यो उडवली. त्याने 176 यार्ड काढले आणि आम्ही 28-3 असे हरलो. त्या दिवशी चरफड. नोव्हेंबरात रॅम्सविरुद्ध एका सामन्यात 255, तेव्हा निखळ जळफळाट. सुपर बोल 9 फेब्रुवारी 2025 ला, नेमका त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी. ईगल्सनी कॅन्सस सिटीला 40-22 हरवलं. त्या रात्री घरी कोणी बोललं नाही. ती रुखरुख असावी.

आणि हुर्योवरून आठवलं. आमच्या गटात एकजण त्याला ‘फितूर’ म्हणतो. चालेल?

कोशातला_किडा
नाही चालणार. फितूर किल्ल्याच्या आत राहून दरवाजा उघडतो. करार संपल्यावर दिवसाढवळ्या महाद्वारातून बाहेर पडलेला, ज्याला किल्लेदाराने अडवलंही नाही, तो फितूर कसा? ‘घरभेदी’ही नाही, त्याने घरातलं काही फोडलं नाही. फार तर ‘शत्रूला जाऊन मिळाला’ म्हणा, तेवढं खरं आहे.

वाचनमात्र
जायंट्सचा जुना रनिंग बॅक टिकी बार्बर तर रेडिओवर म्हणाला होता की तू आम्हाला मेलास. गंमत अशी की बार्बर स्वतः 2006 च्या मोसमानंतर निवृत्त झाला आणि पुढच्याच मोसमात त्याच्याविना जायंट्सनी सुपर बोल जिंकला. एक गेला आणि संघ जिंकला, दुसरा गेला आणि तो जिंकला. मराठीत पहिल्या प्रकाराला ‘पीडा टळली’ म्हणतात, पण ते बार्बरवर अन्यायाचं होईल. दहा हजारांवर यार्ड आहेत त्याचे.

कबड्डीप्रेमी
‘पिकतं तिथं विकत नाही’ लागू पडेल का?

चिपळूणकरीण
तो पिकला पेनसिल्व्हेनियातच ना, पेन स्टेट विद्यापीठात? मग तुमच्याकडे विकला गेला आणि परत जिथे पिकला तिथेच जाऊन दुसऱ्यांदा विकला गेला. म्हणीचा पार चिवडा.

कोशातला_किडा
‘हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे’ हीसुद्धा उलटी बसते. इथे जे हातचं होतं, तेच पळतं होतं.

यापेक्षा एक जुना शब्द सुचवतो: ‘धार्जिणा’. अमक्याला अमका गाव धार्जिणा, तमकीला तमका व्यवसाय धार्जिणा. यात कोणाचा दोष नाही आणि कोणाचं फुकटचं श्रेयही नाही. ‘त्याला फिलाडेल्फिया धार्जिणं ठरलं.’ आणि जायंट्सच्या बाजूने बोलायचं तर ‘आम्हाला तो लाभला नाही’.

दुसरा_जायंट
‘लाभला नाही’ मला चालेल. यात आमची अब्रू राहते.

वाचनमात्र
म्हणूनच नको. लाभणं-न लाभणं नशिबावर जातं. इथे कागदावर सह्या झाल्या होत्या, एकावर केल्या आणि दुसऱ्यावर केल्या नाहीत.

लिबर्टीबेल
एक शब्द माझ्याकडून. शेवटचा साखळी सामना तुमच्याशीच होता, आमच्या मैदानावर. एरिक डिकरसनचा 1984 चा 2,105 यार्डांचा विक्रम मोडायला त्याला 101 हवे होते. पण प्लेऑफसाठी प्रशिक्षकाने त्याला खेळवलं नाही. आमच्याकडची मंडळी म्हणाली, ‘बसवला.’ मी म्हटलं, बसवतात ते शिक्षा म्हणून. हा ‘राखून ठेवला’. चांगली साडी राखून ठेवतात तसा. पुढे प्लेऑफमध्ये 499 आले. सगळे मिळून 2,504, म्हणजे प्लेऑफ धरून एका मोसमात आजवर कोणीही न केलेले.

चिपळूणकरीण
278 नऊवारी आणि दोन वार.

जर्सीकर
धन्यवाद, मंडळी. गटातला संदेश बदलून ‘जायंट्सने घालवलेला बार्कली’ असा केला. ज्याने ‘ने’ सुचवला होता, तोच म्हणाला, इतकंही नको.