‘तायहो’: वाफ, बाष्प की गॅस?

प्रश्न : ‘तायहो’ या जपानी विमानवाहू नौकेवर लिहिताना टाकीतून निघालेल्या पेट्रोलसाठी ‘वाफ’ म्हणावं की ‘बाष्प’? आणि ‘आर्मर्ड फ्लाइट डेक’, ‘टॉर्पेडो’, ‘बो’ यांना काय म्हणावं? नावाचा अर्थ काय द्यावा?

उत्तर १ : ‘बाष्प’ लिहा. ‘वाफ’ म्हटलं की उकळतं पाणी डोळ्यांपुढे येतं, ‘गॅस’ म्हटलं की सिलिंडर. इथे काहीच तापलेलं नव्हतं. १९ जून १९४४ च्या सकाळी ‘अल्बाकोर’ या अमेरिकी पाणबुडीचा एकच पाणतीर (टॉर्पेडो) उजव्या कुशीत पुढच्या बाजूला लागला. विमानाच्या पेट्रोलच्या टाक्यांना तडे गेले, पेट्रोल विमानं वर-खाली नेणाऱ्या पुढच्या लिफ्टच्या खड्ड्यात साचलं आणि उडू लागलं. हे बाष्प हवेपेक्षा जड, खालीच बसून राहतं. त्यात लिफ्ट अडकलेली. विमानं उडवता यावीत म्हणून तिचं तोंड बाकं-टेबलं टाकून झाकलेलं.

पुढे ‘वायुवीजन सुरू केले’ असं लिहू नका, ते उपाय केल्यासारखं वाटतं. जहाजभरचे हवेचे मार्ग उघडले, म्हणून बाष्प बाहेर जाण्याऐवजी सगळीकडे पोहोचलं. दुपारी अडीचच्या सुमारास एका ठिणगीचं निमित्त झालं, स्फोट झाला आणि त्यात नौका बुडाली.

उत्तर २ : ‘चिलखती उड्डाण डेक’. ‘बख्तरबंद’ हिंदी वळणाचं, ‘धावपट्टी’ विमानतळाची. पण चिलखत कुठे होतं तेही सांगा: दोन लिफ्टच्या मधल्या पट्ट्यात, सुमारे ७५ मिमी, वरून पडणाऱ्या बॉम्बसाठी. पाणतीर पाण्याखालून आला. स्फोट आत झाला तेव्हा डेक वर फुगला आणि हँगरच्या, म्हणजे डेकखालच्या विमानं ठेवायच्या दालनाच्या, भिंती बाहेर उडाल्या.

उत्तर ३ : पाणतीरच लिहा. ‘पाणसुरुंग’ वेगळा, तो जागेवर वाट पाहतो. वर्तमानपत्रं दोन्हींची सर्रास खिचडी करतात. ‘बो’ला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, कोकणात ‘नाळ’ म्हणतात. तायहोची नाळ थेट उड्डाण डेकपर्यंत पत्र्याने बंद केलेली होती, जपानी विमानवाहूंत हे नवं होतं.

उत्तर ४ : नावाचा अर्थ ‘महान फिनिक्स’ असा देतात. मराठीत फिनिक्स म्हटलं की राख आलीच. हा पूर्वेकडचा शुभ पक्षी, राखेतून उठणारा नव्हे. ‘गरुड’ तर अजिबात नको.

उत्तर १ : एक राहिलं. ७ एप्रिल १९४३ हे जलावतरण, नौदलात दाखल ७ मार्च १९४४ ला. तायहो ‘सेवेत साडेतीन महिने’ होती असं म्हणतात, ते दुसऱ्या तारखेपासून बुडेपर्यंत मोजलेलं आहे. पहिली धरली तर हिशेब चौदा महिन्यांवर जातो.