टोमॅटो नाही म्हणून स्फिंचोने पिझ्झा नाही?

मीठभाकर: ‘इटलीतल्या सिसिली बेटावरचा स्फिंचोने म्हणजे वर कांदा फासलेला जाड पाव, पालेर्मोजवळच्या बागेरिया गावचा पांढरा तर टोमॅटोशिवायचा, त्याला पिझ्झा म्हणणं ही फसवणूक,’ असं नापोलीप्रेमी यांनी काल लिहिलं. राहवत नाही म्हणून लिहितेय. पालेर्मोत, सिसिलीच्या राजधानीत, तीन वर्षं काढलीत मी. घरमालकीण आजी निष्कलंक मातेच्या (मेरीच्या) सणाच्या आदल्या दिवशी, 7 डिसेंबरला, तो करायच्या. पीठ इतकं सैल की बोटं सुटत नसत. तेल लावलेल्या ट्रेमध्ये ते पसरायचं, अँचोवी या खारवलेल्या छोट्या माशाचे तुकडे बोटाने आत खुपसायचे, वर काचोकावाल्लो चीज, मग कांदा-टोमॅटो, शेवटी ओरेगानो नि पावाचा चुरा. बागेरियात टोमॅटोऐवजी तूमा नाहीतर रिकोत्ता, दोन्ही ताजी चीज. टोमॅटो युरोपात आला 16व्या शतकात; कांदा, मासळी, चीज त्याआधीही होतंच की!

नापोलीप्रेमी: जुनं असेल, पिझ्झा नाही. 485 अंशांची लाकडाची भट्टी, 60 ते 90 सेकंद, हाताने थापलेली चकती. युनेस्कोने 2017 मध्ये मान दिला तो नापोलीला, म्हणजे नेपल्सला.

मीठभाकर: तो मान पिझ्झायुओलोच्या, म्हणजे पिझ्झा करणाऱ्याच्या, कलेला आहे. पिझ्झा कशाला म्हणायचं हे त्यात ठरवलेलं नाही. रोममध्ये ट्रेमधला कापून वजनावर विकतात, तोही पावच का?

हिंगजिरे: ते राहू द्या, कांद्याचं सांगा. मी लालसर परतला, सगळा कडवट झाला.

मीठभाकर: लाल करायचाच नाही. उभा चिरून, थोडं पाणी घालून, झाकण ठेवून मऊ होऊ द्यायचा. आजी अर्धा तास हलायच्या नाहीत.

जुनातवा: मी तेलावरच परततो, घरात सगळे चाटूनपुसून खातात. तुमच्या आजींचंच खरं कशावरून?

मीठभाकर: आजींवर घसरायचं काम नाही. त्यांनी जन्मभर केलाय तो.

हिंगजिरे: आम्ही मासे खात नाही. अँचोवीऐवजी काय?

जुनातवा: पांतेल्लेरिया बेटावरचे खारवलेले केपर, म्हणजे एका झुडपाच्या कळ्या.

मीठभाकर: मग त्याला स्फिंचोने म्हणू नका.

नापोलीप्रेमी: बघा, आता तुम्हीच नावावर पहारा बसवलात. मी वेगळं काय म्हणत होतो?

मीठभाकर: ...बरं. केपरचाही स्फिंचोनेच, माझं चुकलं. पण मग टोमॅटोची अट तुम्हीही सोडा. बागेरियाचा खाल्लाय का कधी?

नापोलीप्रेमी: नाही. पालेर्मोत एकदाच घेतला, बारामतीत बनते तसल्या आपे तीनचाकीवरून. थंडगार होता.

मीठभाकर: अहो, गरम करून मागायचा! वरून तेलाची धारही सोडून देतात.