सगळं सपाट होतं तर आकाशगंगा झाल्या कशा?

निशाचर: सीएमबीचा (महास्फोटानंतर सुटलेल्या सगळ्यात जुन्या प्रकाशाचा) नकाशा बघत होतो, महास्फोटानंतर ३.८ लाख वर्षांनी घनतेतला फरक म्हणे लाखात एखादा, आणि वेब अवकाश दुर्बिणीला २९-३० कोटी वर्षांतच झगमगती आकाशगंगा दिसते (जेड्स-जीएस-झेड१४-०). एवढ्यात गुरुत्वाकर्षणाने उरकलं कसं?

दुर्बीणवाला: डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य. साधा वायू प्रकाशाला चिकटलेला होता, जरा गोळा झाला की प्रकाशाचा दाब परत ढकलायचा, म्हणून तो नुसता हिंदकळत राहिला. डार्क मॅटरला प्रकाशाशी घेणंदेणंच नाही, त्यामुळे ते आधीपासून साठत गेलं. पावसाआधीच रस्त्यात खड्डे तयार असतात ना, तसं 😄 अणू बनले, प्रकाश सुटला, मग वायू त्या खड्ड्यांत घरंगळला.

निशाचर: पण डार्क मॅटर नसतं तर नुसता जास्त वेळ लागला असता ना?

गणितात_कच्चा: नाही रे, हिशोब कर. फरक साधारण विश्वाच्या प्रसरणाइतक्याच पटीने वाढतो, आणि सीएमबीपासून आजवर प्रसरण झालंय ११०० पट. लाखात एक गुणिले ११०० म्हणजे जेमतेम १ टक्का! गोळा व्हायला फरक १०० टक्क्यांच्या घरात जावा लागतो. म्हणजे आजही एकसुद्धा आकाशगंगा नसती.

निशाचर: बाप रे, हा गुणाकार कुणी सांगितलाच नव्हता.

दुर्बीणवाला: वेबला दिसलेल्या आकाशगंगा एवढ्या का चमकतात, हे भांडण मात्र चालूच आहे.