मदत हवी आहे : पॅल्युडेरियममध्ये (अर्धं पाणी, अर्धी जमीन असलेल्या काचेच्या टाकीत) माती चिखल होते, मॉस मात्र सुकतं

टाकी 24×12×18 इंच, पाणी 5 इंच. मागच्या बाजूला 6 इंच क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या), त्यावर नायलॉनची जाळी, वर 2 इंच कोकोपीट आणि वाळू (2:1). म्हणजे पाणी आणि माती यांच्यात फक्त इंचभर कोरडं अंतर. तरी माती ओलीगच्च राहते, कुजका वास येतो. संशय जाळीवर आहे: तिची कड खाली वळून पाण्यात बुडते आणि वातीसारखं पाणी वर ओढते. कड कापून काम भागेल, की क्ले बॉलचा थर 8 इंच करावा? नंतरचं करायचं तर सगळं उपसावं लागेल.

दुसरी अडचण उलटी. लाकडावरचं जावा मॉस पाण्यापासून 2 इंच वर तपकिरी पडतंय, तेही पंख्याच्या बाजूनेच. टाकी वरून काचेने पूर्ण झाकली तर मुंबईच्या जुलैत दोन दिवसांत पांढरी बुरशी. अर्धी उघडी ठेवून 300 लिटर प्रति तासाच्या पंपाला फाटा काढून लाकडावर थेंब सोडावेत, असा विचार आहे. नळी किती मिलिमीटरची घ्यावी? 4ची शेवाळाने तुंबते म्हणतात.

क्रिप्टोकोरायन वेंडटी या पाणवनस्पतीची पानं पाण्यात विरघळली, त्याची काळजी नाही. ती हवेत वाढलेली पानं होती. मुळं घट्ट आहेत, पाण्यातली पातळ पानं येतील. अनुबियास या दुसऱ्या वनस्पतीचा कंदही मातीबाहेरच आहे.

आणि कृपया, आरेच्या जंगलातून बेडूक आणून सोडायचा सल्ला नको.