रँग्लर परांजपे यांची प्राचार्यपदाची कारकीर्द

दप्तरदार:
नमस्कार. एका महाविद्यालयाच्या कचेरीत मी बरीच वर्षे काम केले असून, सध्या तेथील स्मरणिकेसाठी दीर्घकाळ पदावर राहिलेल्या प्राचार्यांविषयी टिपण लिहीत आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाचे र. पु. परांजपे यांच्याविषयी वाचताना एक गोष्ट खटकली. १८९९ साली ते केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तेथील गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले आले, हे प्रत्येक लेखात सविस्तर येते. परंतु १९०२ पासून जवळजवळ दोन दशके त्यांनी सांभाळलेले प्राचार्यपद मात्र एका वाक्यात उरकले जाते. इतकी वर्षे त्या खुर्चीवर टिकण्यामागे केवळ विद्वत्तेचा दबदबा होता, की कारभाराचे काही निराळे कसब होते? जाणकारांनी कृपया सांगावे.

मुठेकाठचा:
‘खुर्चीवर टिकणे’ हा शब्दप्रयोग येथे थोडा फसवा आहे. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य होणारा मनुष्य वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देऊनच येत असे, आणि त्या काळात दरमहा ७५ रुपयांच्या आसपास वेतनावर घर चालवत असे. सीनियर रँग्लरला सरकारी शिक्षणखात्यात याच्या कितीतरी पट पगार सहज मिळाला असता. गोखले १९०२ मध्ये आपली मुदत पुरी करून महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी परांजपे प्राचार्य झाले.
मात्र प्राचार्य हा तेथे मालक नव्हता. त्याच्याइतकाच त्याग केलेले सहकारी मंडळाच्या बैठकीत समोर बसत आणि त्यांना हुकूम सोडून भागत नसे. याच मंडळातील नियमांच्या वादावरून टिळक १८९० मध्ये बाहेर पडले होते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढच्या माणसाला काय सांभाळावे लागले असेल याचा अंदाज येतो. शिवाय गणिताचे अध्यापनही परांजप्यांकडेच होते.

जुनी पेठ:
वरील प्रतिसाद योग्यच आहे, पण त्यातून परांजपे फारच सोज्ज्वळ दिसू लागतात. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा त्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. ‘केसरी’ने यावर कडक टीका केली, आणि माझ्या मते ती रास्त होती.
तरीही प्रशासक म्हणून पाहायचे तर एक बारकावा नोंदवावा लागतो. त्यांनी सावरकरांना वसतिगृहातून काढले, महाविद्यालयातून नाही. त्यामुळे सावरकरांना बी.ए. पूर्ण करता आले. एकीकडे सरकारी अनुदान आणि दुसरीकडे खवळलेले विद्यार्थी, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाचा तो निर्णय दिसतो. मला तो पटत नाही, पण समजतो.

मुठेकाठचा:
मान्य. आणखी एक सांगायचे राहिले. या दोन दशकांनंतर त्यांना जी कामे मिळाली, त्यांपैकी बहुतेक कारभाराचीच होती. १९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते आणि प्राथमिक शिक्षणाचा १९२३ चा कायदा त्यांच्याच काळात झाला. १९३२ मध्ये ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तर १९५६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पुणे विद्यापीठाचे. नुसत्या गणिती कीर्तीवर कोणी ऐंशीच्या माणसाच्या हाती विद्यापीठ सोपवत नाही. (पुढे रँग्लर महाजनीही फर्ग्युसनचे प्राचार्य आणि पुण्याचे कुलगुरू झाले. पुणेकरांना रँग्लरांचे वेडच होते म्हणा ना!)

दप्तरदार:
उभयतांचे आभार. आता टिपणाची सुरुवात केंब्रिजपासून न करता त्या दहा रुपयांच्या दंडापासून करावी, असे वाटते. आमच्या कचेरीतील दंडाच्या पावतीपुस्तकात अनेक स्थळप्रतींवर लाल शाईने ‘माफ’ असा शेरा आणि खाली प्राचार्यांची लहान सही असे. वर्गात गरजणारे आमचे साहेब संध्याकाळी शिपाई निघून गेल्यावर ते पुस्तक हळूच मागवून घेत. १९०५ च्या त्या पावतीवर असा शेरा पडला नाही, आणि टिपणात मला नेमके त्याविषयीच लिहायचे आहे.